चॅरिझार्ड–पिजॉट–डस्कनॉयर: गड्डी बसवतानाच्या नोंदी, एप्रिल–मे २०२५

१९ एप्रिल २०२५

पोकेमॉन कार्ड गेमचं स्टँडर्ड रोटेशन (स्पर्धेत चालणाऱ्या कार्डांतून जुनी बाद करणं) ११ एप्रिलला झालं. त्यानंतर जी, एच आणि आय या खुणांचीच (कार्डावर छापलेल्या अक्षरांची) कार्डं चालू राहिली. एफ खुणेची बाद झाल्यामुळे जुन्या याद्या जशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही.

निवडीसाठी तीन डेक समोर ठेवले: ड्रॅगापल्ट इएक्स, गार्डेव्हॉर इएक्स, चॅरिझार्ड इएक्स. "सगळ्यात ताकदवान कोणता" हा प्रश्न बाजूला ठेवला. विचारायचं ते असं: ज्यांच्याशी गाठ पडणार त्यांच्यापैकी किती जणांना हा डेक स्वतःचा बेत न मोडता हरवतो? ड्रॅगापल्टसमोर ड्रॅगापल्टच आला की पहिली खेळी कुणाची यावर फार काही ठरतं. गार्डेव्हॉर हातात बसला तर उत्तम, पण प्रत्येक डावात हिशेब लांबतो आणि चुकीला माफी नाही. चॅरिझार्ड मागे पडल्यावर वाढत जातो: त्याच्या बर्निंग डार्कनेस या हल्ल्याचे १८० मूळचे, आणि प्रतिस्पर्ध्याने उचललेल्या प्रत्येक प्राइझमागे आणखी ३०. (प्राइझ म्हणजे प्रत्येकाची बाजूला ठेवलेली सहा पानं: समोरचा पोकेमॉन बाद केला की एक उचलायचं, इएक्स असेल तर दोन, आणि सहा उचलली की डाव जिंकला.) लांबलचक स्पर्धेत एखादा डाव वाईट सुरू होणारच. तिथून उठता येईल असा डेक हवा, म्हणून चॅरिझार्ड.

जोडीला पिजॉट इएक्स (त्याची क्विक सर्च क्षमता: दर पाळीला डेकमधून हवं ते एक कार्ड) आणि डस्कल–डस्क्लॉप्स–डस्कनॉयर. समोर धरायचे चार डेक: ड्रॅगापल्ट, गार्डेव्हॉर, रेजिंग बोल्ट, गोल्डेंगो. बाकीच्यांसाठी वेगळी तयारी नाही.

२० एप्रिल

पहिली यादी.

पोकेमॉन १७: चारमँडर ३, चारमेलियन २, चॅरिझार्ड इएक्स ३, पिजी २, पिजॉट इएक्स २, डस्कल २, डस्क्लॉप्स १, डस्कनॉयर १, फेझांडिपिटी इएक्स १.
सपोर्टर ११: आर्व्हेन ४, आयोनो ४, बॉसेस ऑर्डर्स २, प्रोफेसर ट्यूरोज सिनारिओ १.
आयटम २०: बडी-बडी पॉफिन ४, अल्ट्रा बॉल ४, नेस्ट बॉल ३, रेअर कँडी ४, सुपर रॉड १, नाइट स्ट्रेचर २, काउंटर कॅचर १, एस स्पेक १ (अजून ठरलेलं नाही).
टूल २: टेक्निकल मशीन एव्होल्यूशन १, डिफायन्स बँड १.
स्टेडियम ३: आर्टाझॉन ३.
फायर एनर्जी ७.

बेरीज ६०. दर बदलानंतर ती पुन्हा करायची. बदल "हे काढलं, ते घातलं" अशा जोडीनेच लिहायचा, नुसतं "हे घातलं" लिहिलं की ६१ वं कार्ड कधी शिरलं ते कळत नाही.

चारमँडर वाटेल त्या छपाईचा घेऊन चालत नाही. पॉफिन ७० किंवा त्याहून कमी एचपीचेच (एचपी म्हणजे बाद होईपर्यंत सोसायचं नुकसान) बेसिक, म्हणजे पहिल्या पायरीचे पोकेमॉन, आणतो, तेव्हा ७० एचपीचाच घ्यायचा. चारमेलियन फ्लेअर व्हेल क्षमतेचा: प्रतिस्पर्ध्याच्या हल्ल्याचे परिणाम त्याच्यावर होत नाहीत, फक्त थेट नुकसान होतं. ड्रॅगापल्टचा फँटम डाइव्ह हल्ला बेंचवर (मागच्या रांगेतल्या पोकेमॉनवर) ६ काउंटर (प्रत्येकी १०) ठेवतो तो परिणामच आहे, म्हणजे बेंचवरचा चारमेलियन त्यातून सुटतो. चारमँडरला ही सोय नाही.

२४ एप्रिल

कागदावरचं गणित. डाव खेळायच्या आधी हे करून घेतलं की निम्मे वाद मिटतात.

सुरुवातीच्या ७ पानांत एकही बेसिक न येण्याची शक्यता, ६० पानांच्या डेकमध्ये:
८ बेसिक: ३४.६ टक्के
९ बेसिक: ३०.० टक्के
१० बेसिक: २५.९ टक्के
११ बेसिक: २२.२ टक्के

आपल्या यादीत बेसिक आठच. म्हणजे तीनातला एक हात परत पिसावा लागणार, आणि तशा प्रत्येक वेळी समोरच्याला एक जादा पान घेता येतं. ३४.६ जास्तच आहेत. दहापर्यंत नेलं तर बरं.

प्राइझमध्ये अडकणं: एकच प्रत असलेलं कार्ड सहा प्राइझमध्ये जाण्याची शक्यता बरोबर १० टक्के. दोन प्रती असतील तर किमान एक अडकण्याची १९.२, दोन्ही अडकण्याची जेमतेम ०.८. डस्कनॉयर एकच आहे, तेव्हा दहा डावांत एकदा तो नसणार हे धरून चालायचं. तेवढ्यासाठी दुसरा घालायचा नाही. त्याच्याशिवाय खेळायचा बेत तयार ठेवायचा.

पहिल्या पाळीत बेंचवर दुसरं बेसिक आणणारी पानं: पॉफिन ४, अल्ट्रा बॉल ४, नेस्ट बॉल ३, आर्टाझॉन ३, मिळून १४. सात पानं आणि पाळीचं एक अशा ८ पानांत यातलं एकही न येण्याची शक्यता १०.२ टक्के. ही पहिली खेळी आपली असताना, कारण पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत सपोर्टर खेळता येत नाही. दुसरे असू तर आयटम शोधून आणणाऱ्या आर्व्हेनचे ४ धरून १८ होतात आणि तीच शक्यता ४.६ वर येते. (हातात बेसिक आलंच आहे ही अट धरली तर आकडे थोडे सरकतात, निर्णय सरकत नाही.)

अल्ट्रा बॉलला दोन पानं टाकावी लागतात हे या गणितात दिसत नाही. पहिल्या पाळीत एनर्जी आणि कँडी टाकून आणलेलं बेसिक महाग पडतं.

२७ एप्रिल

चाचणी कशी करायची ते ठरवलं.

दहा-वीस डावांच्या निकालावरून टक्केवारी काढणं सोडून द्यायचं. २० डावांत १२ जिंकले की ६० टक्के दिसतात, पण तेवढ्या डावांवर चूक दोन्ही बाजूंना साधारण २२ टक्क्यांची असते. १०० डाव खेळले तरी ती १० च्या आसपास राहते. तेवढे डाव कुणाकडे आहेत? म्हणून जय-पराजयाऐवजी प्रत्येक डावात चार गोष्टी टिपायच्या:

पहिला चॅरिझार्ड कुठल्या पाळीला उतरला.
डाव संपताना हातात कुठलं पान मेलेलं पडलं होतं.
पिजॉट उतरल्यावर पहिल्यांदा काय शोधलं.
हरलो तर कुठल्या पाळीला हरलो. डाव संपला ती पाळी नव्हे, हातातून सुटला ती.

तिसऱ्या रकान्याने सर्वांत जास्त शिकवलं. ज्या कार्डासाठी क्विक सर्च पुन्हापुन्हा खर्च होतो, त्याची आणखी एक प्रत घालायचा विचार करायचा. जे कधीच शोधलं जात नाही आणि आपोआप आलं तरी खेळलं जात नाही, ते काढायचं. ट्यूरोज सिनारिओ पहिल्याच बैठकीत या दुसऱ्या वर्गात गेलं.

आणि प्रत्येक डेकसमोर निम्मे डाव पहिल्या खेळीचे, निम्मे दुसऱ्या. नाणं उडवून ठेवलं की एकीकडे झुकतं आणि कळतही नाही.

१ मे

बड्यूचा प्रश्न. ३० एचपीचं हे पिल्लू फुकटात, एकही एनर्जी न लावता, १० चं नुकसान करतं आणि पुढच्या पाळीत समोरच्याला हातातून आयटम खेळू देत नाही. आपण पहिले आणि समोरच्याने त्याच्या पहिल्या पाळीला बड्यू उभा केला, तर आपली दुसरी पाळी, म्हणजे नेमकी रेअर कँडीची (मधली पायरी गाळून बेसिकवर थेट शेवटची बसवणारं आयटम), बंद. कँडी, अल्ट्रा बॉल, पॉफिन, नेस्ट बॉल, सगळं हातात सडतं.

यादीत यावर उत्तर होतं, पण अर्धंच. टेक्निकल मशीन (टीएम) एव्होल्यूशन हे टूल आहे, आयटम नाही, त्यामुळे बड्यूच्या कुलुपातही ते लावता येतं. पुढे उभ्या असलेल्या पोकेमॉनला ते आणि एक एनर्जी लावली की हल्ला म्हणून बेंचवरच्या दोन पोकेमॉनना डेकमधून एकेक पायरी वर चढवता येतं. कुलूप नसलेल्या डावातही, दुसरे असू तर पहिल्याच पाळीला हा हल्ला करता येतो. नुकत्याच ठेवलेल्या बेसिकवरही तो चालतो, कारण ही चढण हल्ल्याच्या परिणामाने होते. चारमँडरचा चारमेलियन झाला की पुढच्या पाळीला कँडीची गरजच नाही, चॅरिझार्ड सरळ वर बसतो.

पण पिजॉटो? यादीत तो शून्य होता. म्हणजे टीएमने पिजीला काहीच करता येत नव्हतं आणि हल्ल्याचा अर्धा भाग वाया जात होता. यादी लिहिताना नजरेतून सुटलेली चूक. कँडीच्या डेकमध्ये मधली पायरी "जागा खाते" म्हणून काढण्याची सवय पडते, त्यातून हे होतं.

बदल: ट्यूरोज सिनारिओ काढलं, पिजॉटो १ घातला. नेस्ट बॉल ३ वरून २, टीएम एव्होल्यूशन १ वरून २.

दुसऱ्या टीएमचा फायदा आकड्यात: आपण पहिले असताना दुसऱ्या पाळीपर्यंत ९ पानं दिसतात. आर्व्हेन ४ (तो एक आयटम आणि एक टूल आणतो) आणि टीएम १ मिळून ५ पानांपैकी एक तरी येण्याची शक्यता ५७.० टक्के. टीएम दोन केले की ६४.०. सात टक्क्यांसाठी नेस्ट बॉल द्यावा का यावर बराच काथ्याकूट झाला. द्यावा, कारण कुलपात नेस्ट बॉलही मेलेलाच असतो.

४ मे

नुकसानाचा तक्ता. हा पाठ असल्याशिवाय डेक हातात घेऊ नये.

डस्क्लॉप्सचा कर्स्ड ब्लास्ट ५ काउंटर ठेवतो, डस्कनॉयरचा १३, आणि दोघेही त्यात स्वतः बाद होतात. बाद झाले की समोरचा एक प्राइझ घेतो. इथेच चॅरिझार्डचं गणित बदलतं, कारण त्या प्राइझमुळे त्याच पाळीला हल्ला ३० ने वाढतो. तेव्हा डस्क्लॉप्सची खरी किंमत ५० नाही, ८०. डस्कनॉयरची १३० नाही, १६०.

समोरच्याने एकही प्राइझ घेतलं नसताना:
नुसता चॅरिझार्ड १८०.
डस्क्लॉप्ससह २१० + ५० = २६०.
डस्कनॉयरसह २१० + १३० = ३४०.

गोल्डेंगो इएक्स २६० एचपी, डस्क्लॉप्सने अगदी काठावर बाद. रेजिंग बोल्ट इएक्स २४०, डस्क्लॉप्सने आरामात. ड्रॅगापल्ट इएक्स ३२०, त्याला डस्कनॉयर लागतो. गार्डेव्हॉर इएक्स ३१०, पण ती डार्कला दुबळी आणि हा चॅरिझार्ड डार्क प्रकारचा, म्हणून नुसत्या १८० चे ३६० होतात. तिच्यावर डस्कनॉयर खर्च करणं म्हणजे प्राइझ फुकट वाटणं.

चारांतले दोन डेक डस्क्लॉप्सनेच संपतात आणि यादीत तो एकच होता. दोन डस्कल, एक डस्क्लॉप्स आणि कँडीवरून डस्कनॉयर, असा तो आराखडा होता. आता डस्क्लॉप्स २. त्यासाठी आयोनो ४ वरून ३ केला.

ब्लास्टला मर्यादा घालून घेतली: एका डावात दोनच, तिसरा फक्त त्याच पाळीला डाव संपत असेल तर. समोरच्याला सहा प्राइझ हवेत. दोन ब्लास्टनी दोन दिले की उरलेले चार म्हणजे दोन चॅरिझार्ड. तिसरा ब्लास्ट दिला की तीनच उरतात, आणि त्यात एक इएक्स अन् एक साधं पिल्लू पुरतं. नवख्यांचा डेक इथेच बुडतो: ब्लास्ट हाताशी आहे म्हणून मारला जातो.

ड्रॅकलोकवर (९० एचपी) सुरुवातीलाच डस्कनॉयर टाकण्याचा मोह होतो. एकाला एक प्राइझ, वरवर बरोबरी. पण दोन कँडीएवढी मेहनत गेलेली असते आणि ड्रॅगापल्ट आल्यावर ३४० चा मार्ग उरत नाही. डस्क्लॉप्सने तर ड्रीपीही (७० एचपी) पडत नाही.

८ मे

एस स्पेक. डेकमध्ये एकच चालतो. उमेदवार दोन: प्राइम कॅचर आणि अनफेअर स्टॅम्प.

प्राइम कॅचर समोरच्याचा बेंचवरचा पोकेमॉन ओढून आणतो आणि आपलाही बदलून देतो, कुठलीही अट नाही. अनफेअर स्टॅम्पला अट आहे: समोरच्याच्या आधीच्या पाळीत आपला पोकेमॉन बाद झालेला हवा. मग दोघंही हात पिसून डेकमध्ये घालतात, आपल्याला ५ पानं, त्याला २.

अनफेअर स्टॅम्प घेतला. ओढून आणायला आपल्याकडे बॉसेस ऑर्डर्स दोन आणि काउंटर कॅचर आहे. काउंटर कॅचरला समोरच्यापेक्षा आपले प्राइझ जास्त उरलेले लागतात, आणि बरोबरी असेल तर डस्क्लॉप्स स्वतःला उडवून ती अट त्याच पाळीला पुरी करतो. म्हणजे ओढण्याचं काम भागतं. हात मोडण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे एवढं नाही. आयोनो दोघांनाही उरलेल्या प्राइझइतकी पानं देतो, डावाच्या सुरुवातीला त्याने समोरच्याचं काही बिघडत नाही. स्टॅम्प पहिलं प्राइझ गेल्याबरोबर त्याला दोन पानांवर आणतो, आणि आपला पिजॉट बसलेला असेल तर पाच पानांत आणखी एक निवडीचं.

चाचणीत एकच चूक वारंवार झाली, म्हणून ठळक लिहून ठेवतो: आपल्याच पाळीत कर्स्ड ब्लास्टने बाद झालेला डस्क्लॉप्स स्टॅम्पच्या अटीत बसत नाही. फेझांडिपिटीच्या तीन पानांच्या क्षमतेलाही तेच. बाद व्हायला हवं ते समोरच्याच्या पाळीत.

११ मे

बेसिक वाढवले. चारमँडर ३ वरून ४, बड्यू १ घातला. बेसिक ८ चे १० झाले, परत पिसायची शक्यता ३४.६ वरून २५.९ टक्के. काढलं: आर्टाझॉन १, फायर एनर्जी १.

बड्यू एकच असल्याने पहिल्या सात पानांत तो ११.७ टक्के वेळाच येतो. पहिल्या पाळीचं कुलूप हा त्याचा मुख्य उपयोग नाहीच. डावाच्या मध्यावर आपला चॅरिझार्ड पडल्यावर दुसरा तयार व्हायला एक पाळी हवी असते. ती पाळी बड्यू विकत घेतो, एका प्राइझच्या भावात.

एनर्जीचा बदल दोन दिवसांत उलटला. चॅरिझार्ड उतरताना इन्फर्नल रेनने डेकमधून तीन फायर एनर्जी लावता येतात आणि हल्ल्याला दोनच लागतात, तेव्हा सहा पुरतील असा हिशेब होता. पुरतातही, चॅरिझार्डला. पण टीएमच्या हल्ल्याला एक एनर्जी हातातून लागते आणि पिजॉट उतरण्याआधी ती डेकमधून शोधून आणणारं कार्ड या यादीत नाही. आठ पानांत एनर्जी येण्याची शक्यता सातांवर ६५.४ टक्के, सहांवर ५९.३. टीएम लावलेला चारमँडर समोर उभा आणि एनर्जी नाही, असे डाव वहीत दिसू लागले. दुसरा टीएम घालून जे सात टक्के मिळवले त्यातले बहुतेक इथे गळत होते.

एनर्जी परत ७. त्यासाठी डिफायन्स बँड काढला. आपण प्राइझमध्ये मागे असताना बँड ३० देतो, पण दुसरा डस्क्लॉप्स आल्यापासून ती जागा भरलेली आहे. एकच हिशेब तपासला: समोरच्याने चार प्राइझ घेतलेत आणि ड्रॅगापल्ट पुढे आहे. चॅरिझार्डचे ३००, बँड असता तर ३३०, बाद. आता २० कमी पडतात. डस्क्लॉप्स उडवला तर ३३० + ५०, पण मग समोरच्याला शेवटचं एकच प्राइझ उरतं. ही उणीव राहणार. मान्य.

मोजून घेतलं: पहिल्या पाळीत बेसिक आणणारी पानं १४ ची १२ झाली, एकही न येण्याची शक्यता १०.२ वरून १४.७ टक्के. दोन जादा बेसिक आपोआप हातात येतात त्याने हे काही अंशी भरून निघतं, सगळं नाही.

१५ मे

चार डेकसमोरचे बेत, थोडक्यात.

रेजिंग बोल्ट: टाकलेल्या प्रत्येक बेसिक एनर्जीमागे ७०, म्हणजे आपल्या चॅरिझार्डच्या ३३० एचपीसाठी त्याला पाच लागतात. खरा धोका त्याच्या जोडीच्या टील मास्क ओगरपॉन इएक्सचा. आपला चॅरिझार्ड ग्रासला दुबळा आहे. तीन एनर्जीचा ओगरपॉन, आपल्यावर दोन एनर्जी: ३० अधिक पाच गुणिले ३० म्हणजे १८०, दुप्पट ३६०. गेला. चॅरिझार्डवर तिसरी एनर्जी न लावता बेंचवर ठेवून उपयोग नाही, दोन असल्या तरी तो पडतोच. (बेंचवर ठेवायची ती दुसऱ्या चारमँडरसाठी, ते वेगळं कारण.) ओगरपॉनचे २१० एचपी. समोरच्याने एक प्राइझ घेतलं असेल तर चॅरिझार्डचे नेमके २१० होतात. नसेल तर डस्क्लॉप्स. तीन एनर्जी जमलेला ओगरपॉन बेंचवर दिसला की बोल्टला सोडून त्यालाच ओढायचं.

गोल्डेंगो: हातातली प्रत्येक बेसिक एनर्जी टाकून ५०, आपल्याला पाडायला सात. सात एनर्जी हातात साठवाव्या लागतात, म्हणून स्टॅम्प आणि आयोनो इथे सोन्याचे. त्याचा हात फुगलेला दिसला तर हल्ल्याआधी हात मोडायचा, मग हल्ला.

ड्रॅगापल्ट: चॅरिझार्ड टेरा असल्याने बेंचवर असताना हल्ल्याचं नुकसान त्याला होत नाही. पण फँटम डाइव्हचे सहा काउंटर नुकसान नव्हेत, ते बसतात. बेंचवर दोनदा ६० आणि मग समोरून २०० मिळून ३२०. दहाने वाचतो. ते दहा भरायला समोरच्याकडे मंकीडोरी (काउंटर हलवणारा पोकेमॉन) किंवा त्याचा स्वतःचा डस्क्लॉप्स असतो, त्यामुळे "वाचलो" असं धरून बेत आखायचा नाही. बेंचवर चारमँडर दोन पाळ्या तसेच सोडायचे नाहीत. चारमेलियन होऊ शकत असेल तर करायचा, कँडी हातात असली तरी.

गार्डेव्हॉर: गार्डेव्हॉर इएक्स ओढायची, ३६०, पुढे. कठीण पडतं ते त्यांनी एकेका प्राइझच्या हल्लेखोरांवर डाव नेला तर. तेव्हा ब्लास्ट हाताशी राखून ठेवायचे.

पहिलं काय उतरवायचं, पिजॉट की चॅरिझार्ड? एकच कँडी असेल आणि पुढच्या पाळीला आपलं इएक्स पडणार नसेल तर पिजॉट. तो उतरला की उरलेलं तो शोधतो, आणि मागे सरकायला त्याला एनर्जी लागत नाही. अपवाद: समोर मारण्यासारखं इएक्स उभं असेल तर चॅरिझार्ड.

१८ मे

वेळ. तीनपैकी दोन डाव, ५० मिनिटं, वेळ संपल्यावर चालू पाळी आणि आणखी तीन पाळ्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. एक-एक झाल्यावर तिसरा डाव अपुरा राहिला की बरोबरी, म्हणजे जिंकता आलेल्या सामन्यातले दोन गुण गेले. डाव जिंकायची शक्यता ६० टक्के असेल तर तीनपैकी दोनची ६४.८ होते, पण तीन डाव पुरे झाले तरच.

हा डेक मंद आहे. दर पाळीला डेक उघडायचा, शोधायचं, पिसायचं. घड्याळ लावून पाहिलं तर वेळ पिसण्यात नाही, डेक हातात घेऊन विचार करण्यात जातो. नियम केला: डेक उचलायच्या आधी कार्डाचं नाव ठरलेलं हवं. ठरलं नसेल तर हात डेककडे जाणार नाही.

पहिल्या शोधाला मात्र वेळ द्यायचा, प्राइझ ओळखण्यासाठी. साठही पानं मोजत बसायचं नाही. क्रम ठरवला: चॅरिझार्ड ३, पिजॉट २, डस्कनॉयर १, कँडी ४, स्टॅम्प, काउंटर कॅचर, एनर्जी ७. हातात आणि टेबलावर असलेले वजा करून यातलं जे डेकमध्ये नाही ते प्राइझमध्ये. बाकीची पानं अडकली तरी बेत बदलत नाही.

पहिल्या डावात आशा उरली नसेल तर वेळेवर सोडायचा. हे जाणणं कठीण, कारण हा डेक मागून येतो. खूण ठेवली: पिजॉट नाही, बेंचवर एकच चारमँडर आणि समोर दोन तयार हल्लेखोर, तर हात मिळवून दुसरा डाव.

२१ मे

यादी बंद.

पोकेमॉन २१: चारमँडर ४, चारमेलियन २, चॅरिझार्ड इएक्स ३, पिजी २, पिजॉटो १, पिजॉट इएक्स २, डस्कल २, डस्क्लॉप्स २, डस्कनॉयर १, बड्यू १, फेझांडिपिटी इएक्स १.
सपोर्टर ९: आर्व्हेन ४, आयोनो ३, बॉसेस ऑर्डर्स २.
आयटम १९: बडी-बडी पॉफिन ४, अल्ट्रा बॉल ४, नेस्ट बॉल २, रेअर कँडी ४, सुपर रॉड १, नाइट स्ट्रेचर २, काउंटर कॅचर १, अनफेअर स्टॅम्प १.
टूल २: टेक्निकल मशीन एव्होल्यूशन २.
स्टेडियम २: आर्टाझॉन २.
फायर एनर्जी ७.

६०. पहिल्या यादीपासून पाच बाहेर, पाच आत. तिसरा बॉसेस ऑर्डर्स हवा असा आग्रह शेवटपर्यंत होता, पण त्याच्यासाठी काय काढायचं याचं उत्तर कुणी दिलं नाही.

२३ मे

बांधाबांध.

स्लीव्ह एकाच पाकिटातले, ६० आणि ५ जादा. दोन पाकिटांच्या रंगात किंवा कापणीत बारीक फरक असतो, पाठ वर करून रचले की दिसतो. चमकदार छपाईचे चॅरिझार्ड वाकलेले निघाले. डेक कापला की कापणी तिथेच उघडते, हे खुणेचं पान ठरू शकतं. तिन्हींच्या जागी न वाकलेले घातले.

डेक यादीत पोकेमॉनच्या नावापुढे संच आणि क्रमांक. चारमँडर, पिजी, चारमेलियन अनेक संचांत आहेत, क्रमांक चुकला तर यादी चुकली. एकाच नावाचे वेगवेगळ्या छपाईचे मिळून चारच, सूट फक्त बेसिक एनर्जीला. यादी दुसऱ्याने वाचायची आणि पहिल्याने डेकमधून एकेक पान काढून ठेवायचं, उलट नाही. स्वतः लिहिलेलं स्वतः वाचलं की डोळा चूक गिळतो.

पेटीत: पारदर्शक फासा नाणेफेकीसाठी, नुकसानाचे फासे (दहाचे आणि शंभराचे वेगळ्या रंगात), विषबाधा आणि भाजण्याच्या खुणा, यादीच्या दोन प्रती, पेन. नुकसानाचा तक्ता सामना सुरू झाल्यावर पाहता येत नाही, तो पेटीत ठेवायचा नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाहायला पिशवीत.